कॉरिंथ

ग्रीसमधील प्राचीन व्यापारी नगर. मराठी बायबलातील करिंथ. पेलोपनीस द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या अरुंद संयोगभूमीजवळ, सु. ५७५ मी. उंचीच्या ॲक्रोकॉरिंथ या दुर्गाच्या पायथ्याशी ते वसले. उत्तरेला लेखेऑन आणि पूर्वेला केंक्रिआई अशी दोन समुद्रांवरची दोन बंदरे त्याच्या हाती होती. दक्षिणेकडच्या धोकादायक सागरी वळशाला टाळण्यासाठी माल, आणि प्रसंगी जहाजेही, ‘डिऑल्कस’ या फरसबंद वाटेवरून पलीकडे ओढून नेत. नगराची भरभराट मुख्यतः या स्थानामुळे झाली.

किप्सेलस व त्याचा पुत्र पेरिअँडर यांच्या राजवटीत (इ. स. पू. सातवे–सहावे शतक) येथील मृत्पात्रे भूमध्य समुद्राकाठी सर्वदूर जात. सिसिलीतील सिराक्यूज ही कॉरिंथकरांचीच वसाहत. इ. स. पू. सहाव्या शतकातील अपोलो मंदिराचे सात अखंड पाषाणाचे स्तंभ आजही उभे आहेत. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मम्मियसने नगर लुटून बेचिराख केले. सु. शंभर वर्षांनी, इ. स. पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरच्या आदेशाने येथे रोमन वसाहत स्थापन झाली. वसाहतकऱ्यांत मुक्त केलेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. पुढे हे अकाया प्रांताचे मुख्य ठाणे झाले.

इ. स. ५० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल येथे आला आणि रोमहून हद्दपार झालेल्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला या यहुदी दांपत्यासोबत तंबू शिवून पोट भरत दीड वर्ष राहिला. विरोधकांनी त्याला प्रांताधिपती गल्लियोच्या न्यायासनापुढे उभे केले. गल्लियोने खटला चालवलाच नाही. डेल्फी येथील शिलालेखात गल्लियोचा उल्लेख सापडल्याने पौलाच्या चरित्राला इतिहासातील सर्वांत भक्कम कालनिश्चिती मिळाली. पौलाने कॉरिंथकरांना लिहिलेल्या पत्रांतून तेथील ख्रिस्ती मंडळीचे उघडेवाघडे चित्र दिसते: कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा, प्रभुभोजनाला सधन आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही यावर वाद चाले. आरंभीच्या दुसऱ्या कोणत्याही ख्रिस्ती मंडळीचे दैनंदिन जीवन इतक्या बारकाव्यांनिशी उपलब्ध नाही. नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीवर, एरास्टस नावाच्या अधिकाऱ्याने ती स्वखर्चाने घातल्याचा लॅटिन लेख आहे. त्यातील अक्षरांच्या खोल खाचांत मुळात काशाची अक्षरे बसवलेली होती. रोमकरांस पत्रात उल्लेखिलेला नगराचा खजिनदार एरास्टस तो हाच काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

पहिल्या शतकाच्या अखेरीस मंडळीने आपल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना पदच्युत केल्यावर रोमहून समजुतीचे पत्र आले. ते क्लेमेंटच्या नावाने प्रसिद्ध आहे. ३९६ मध्ये ॲलरिकच्या गॉथ सैन्याने नगर लुटले, भूकंपांनीही ते खिळखिळे केले. तरी लेखेऑन बंदरावर भव्य बॅसिलिका उभी राहिली. १४५८ मध्ये ॲक्रोकॉरिंथ ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेला. १८५८ च्या भूकंपानंतर लोकांनी समुद्रकाठी नवे शहर वसवले. जुन्या जागी १८९६ पासून अमेरिकन पुरातत्त्वज्ञ उत्खनन करीत आहेत.