सातबारा नसलेल्यांची कृषी पदवी

नागपूरच्या महाराजबागेतले कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. दीक्षाभूमीपासून ते फार दूर नाही. तरीही आमच्या वस्तीतली पोरं बारावी झाली की घरात डॉक्टर, इंजिनिअर, वकील, पोलीस भरती असे सगळे निघते, बी.एस्सी. कृषीचे नाव क्वचितच. कोणी काढलेच तर घरचे म्हातारे विचारतात, "आपल्याला वावर कुठं आहे?" या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाकडे प्राथमिक शिक्षणातच शेतीचे ज्ञान मागितले आणि पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. इंग्रज सरकारने कृषी महाविद्यालये काढली, पण खेड्यात निंदण आणि कापूसवेचणी करणाऱ्या अस्पृश्याच्या हाती ना जमीन होती, ना अक्षर. महाविद्यालयाच्या दारापर्यंत त्याला वाटच नव्हती. म्हणून आमच्या कित्येक आजा-पणज्यांनी गाव सोडून १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल गाठली.

अमेरिकेत काय घडत होते पाहा. गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कृषिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन १८९६ साली टस्केगीला शिकवायला गेले. १९०६ सालीच, म्हणजे नागपूरचे महाविद्यालय निघाले त्याच वर्षी, त्यांनी घोडे जुंपलेली फिरती शेतीशाळा सुरू करून गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या दारात विज्ञान नेले. त्यातल्या अनेकांकडे स्वतःची जमीन नव्हती. ज्ञानासाठी आधी मालकी लागते, हा समज तिथे मोडला.

बाबासाहेबांनी तर १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा जादा माणूस उद्योगात गेला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली. पुढे १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. म्हणजे शेतीचा प्रश्न आमच्या चळवळीला परका कधीच नव्हता. परके राहिले ते शेतीचे शिक्षण.

आज नागपूरचे महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), लोकसेवा आयोगातून कृषी अधिकारी, बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी, पुढे शिकून शास्त्रज्ञ वा प्राध्यापक होता येते. यातल्या एकाही खुर्चीला सातबारा लागत नाही. मात्र गारपिटीचा पंचनामा कुणाच्या बांधावर जाऊन होतो, योजनेचा अर्ज कुणाचा पुढे सरकतो, पीककर्जाचा कागद कुणाचा अडतो, हे याच खुर्च्यांवरून ठरते. गायकवाडांच्याच नावाच्या योजनेतून भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन मिळण्याची तरतूद आहे. ती जमीन मुरमाड आहे की कसदार, हे ओळखणारा आमचा माणूस नको का?

पण खुर्ची मिळाली म्हणजे संपले नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी केलेल्या दग्याचे दुःख बोलून दाखवले आणि त्याच भाषणात भूमिहीन मजुरांची चिंताही केली. दोन्ही गोष्टी एकत्रच वाचल्या पाहिजेत. वावर नाही म्हणून कृषी पदवी नाकारू नका. आणि पदवी मिळाल्यावर वावर नसलेल्यांना विसरू नका.

जयभीम!