आठ पायांची मास्तरीण

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरपाशी उभं राहून ‘एक ट्रिपल फाइव्ह द्या’ एवढंच म्हणावं. ‘म्हणजे काय?’ असं कुणी विचारत नाही. काळ्या प्लॅस्टिकची, नखाएवढी, आठ पायांची आयसी पुढ्यात येते. डिप्लोमाच्या प्रयोगवहीत ती असते, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या पाणी भरल्याची सूचना देणाऱ्या भोंग्यातही ती असते. इलेक्ट्रॉनिक्सची बाराखडी जगभरच्या पोरांनी हिच्याच हाताखाली गिरवली. तिचा जन्म मात्र ऐन मंदीतला.

हान्स कॅमेन्झिंड मूळचा स्वित्झर्लंडचा. तरुणपणी अमेरिकेला गेला आणि 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिग्नेटिक्स कंपनीत लागला. 1970 मध्ये मंदी आली, कंपनीनं निम्म्याच्या आसपास माणसं घरी पाठवली. अशा वेळी बाकीचे नोकरीला चिकटून राहतात. यानं उलटं केलं. नोकरी सोडतो, म्हणाला. उपकरणं तेवढी वापरायला द्या, कंत्राटावर एक नवी आयसी करून देतो. वेळ मोजणारी, ठोके देणारी, कुठल्याही कामाला जुंपता येईल अशी. कंपनीतल्या इंजिनिअरांनी नाकं मुरडली. आपल्याच चार आयसी जोडून हे काम होतं, मग नवी कशाला? पण विक्रीची बाजू बघणाऱ्या आर्ट फ्युरीला ती खपेल असं वाटलं, आणि काम सुरू झालं.

1971 च्या उन्हाळ्यात आराखडा तपासला गेला, पासही झाला. त्यात कपॅसिटर भरण्यासाठी एकसारखा करंट देणारं सर्किट आयसीच्या पोटातच होतं आणि बाहेर नऊ पाय काढावे लागत होते. नऊ पायांचा डबा बाजारात नव्हता, म्हणजे चौदा पायांचा घ्यायचा आणि पाच पाय फुकट घालवायचे. मंजुरीनंतर काही दिवसांनी कॅमेन्झिंडच्या डोक्यात आलं की हे करंटचं लोढणं हवंच कशाला? बाहेरून साधा रेझिस्टर लावला तर? करून पाहिलं, चाललं. एक पाय गळाला आणि सगळं प्रकरण आठ पायांच्या स्वस्त डब्यात बसलं. माझ्या मते खरा शोध हाच. गंमत म्हणजे पहिल्या तपासणीला हजर असलेल्या एका इंजिनिअरनं पुढं बाहेर पडून कंपनी काढली आणि नऊ पायांची आवृत्ती बाजारात आधी आणली. आठ पायांची आल्यावर ती गुपचूप मागं घ्यावी लागली.

मांडणीचा नकाशा काढायला तेव्हा संगणक नव्हता. लाल रुबिलिथ फिल्मवर वीस-पंचवीस ट्रान्झिस्टरांचे आकार कॅमेन्झिंडनं स्वतः सुरीनं कापले.

या एका पायाच्या काटकसरीतून शिकणाऱ्याचं काय भलं झालं, ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही. कपॅसिटर ही गच्चीवरची टाकी धरा. ती दोन तृतीयांश भरली की आयसी भरणं थांबवून पाणी सोडायला लागते. एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरायला घेते. या दोन खुणा आत ओळीनं बसवलेल्या तीन सारख्या रेझिस्टरांनी आखलेल्या आहेत, आणि त्या बॅटरीच्या व्होल्टेजच्या प्रमाणात सरकतात. कपॅसिटर भरण्याचा वेगही त्याच व्होल्टेजवर ठरतो. त्यामुळं बॅटरी नऊवरून सहा व्होल्टवर उतरली तरी ठोक्यांचा वेग जवळजवळ तोच राहतो. नवशिक्याच्या हातून होणारी निम्मी आबाळ ही आयसी अशी पोटात घालते.

आणि रेझिस्टर बाहेर राहिला, म्हणून त्याच्या जागी काहीही लावता येतं. सातव्या आणि सहाव्या पायामध्ये उजेड ओळखणारा एलडीआर लावा, आठव्या-सातव्यात 1 किलोओहम, दुसरा-सहावा एकत्र जोडून तिथून जमिनीला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिसऱ्या पायावर मोठ्या कपॅसिटरमधून छोटा स्पीकर. खिडकीच्या उजेडात एलडीआर 5 किलोओहमच्या आसपास असेल तर सेकंदाला साधारण 1300 ठोके, म्हणजे कर्कश शिट्टी. वर हाताची सावली धरली आणि तो 50 किलोओहमवर गेला की 140 ठोके, म्हणजे म्हशीच्या जवळ जाणारा हंबरडा. हात वरखाली केला की आवाज हाताबरोबर वरखाली होतो. सूत्र पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथं कानाला ऐकू येतं.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला: 555 हे नाव का? ‘आत 5 किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत म्हणून’ या उत्तराला गुणही मिळतात. रेझिस्टर आहेत हे खरं. पण खुद्द कॅमेन्झिंडनं सांगून ठेवलंय की तो आकडा आर्ट फ्युरीनं सहज निवडला होता.

1972 मध्ये ती बाजारात आली आणि त्याच वर्षी डझनभर कंपन्या ती बनवू लागल्या. तिला हौशी लोकांच्या घराघरात नेलं ते फॉरेस्ट मिम्सनं. रेडिओ शॅकच्या दुकानांत मिळणाऱ्या त्याच्या पुस्तिका छापील अक्षरात नव्हत्या. आलेखाच्या कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या होत्या, शेजारच्या हुशार दादाची वही मागून आणल्यासारख्या. 1984 ची एक अख्खी पुस्तिका फक्त 555 वर आहे.

2005 मध्ये इटलीतून आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आला आणि एलईडी लुकलुकवायला पोरं प्रोग्राम लिहू लागली. त्यात वाईट काही नाही; पण तिथं वेळ प्रोग्राममधल्या आकड्यात असतो, इथं तो हातातल्या रेझिस्टर आणि कपॅसिटर या दोन वस्तूंमध्ये असतो.

कॅमेन्झिंडला स्वतःच्या या लेकरातल्या खोडी ठाऊक होत्या. स्थिती बदलताना ही आयसी क्षणभर फार करंट ओढते. 1997 मध्ये त्यानं झेटेक्स कंपनीसाठी ती नव्यानं रचली, 0.9 व्होल्टवर चालणारी. ती सुधारित आयसी पुढं बंद झाली. 2012 मध्ये कॅमेन्झिंड गेला, आणि 1971 ची ती मूळ रचना अजून विकली जाते.

तेव्हा घरात कुणी शिकायच्या वयाचं असेल तर ब्रेडबोर्डसोबत ही आयसी आणून द्या. मात्र एकच नको, चार आणा. पहिल्या दिवशी बॅटरी उलटी लागतेच.