शिवारातली आकाशवाणी : कै. व्यंकटेश माडगूळकर

‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली नाही अशा भगिनी आपल्या मंडळात थोड्याच असतील. कै. व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे नाव घेतले की माणदेश, धनगर आणि मेंढरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ह्या लेखकाने संसार चालविला तो पुस्तकांवर नव्हे. १९५५ साली ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली, त्याच वर्षी ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात दाखल झाले, आणि निवृत्तीपर्यंत ते त्याच विभागाचे होते. लेखक म्हणून त्यांचे गौरव पुष्कळ झाले. शेतकऱ्यांसाठी रेडिओवर काम करणाऱ्या तात्यांची आठवण मात्र क्वचितच निघते, म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १९२७ साली माडगूळ येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. त्या वेळी ते औंध संस्थानात होते. पाऊस बेताचा, जमीन हलकी, खिल्लार जनावरे आणि मेंढरे हाच खरा ठेवा. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे चित्रकार होण्याची हौस, मग वृत्तपत्र, मग मुंबईत चित्रपटांच्या कथा, असा प्रवास करून हा तरुण पुण्यात रेडिओवर आला. शेतीची पदवी जवळ नव्हती. दुष्काळात जनावराच्या डोळ्यांत काय दिसते, हे मात्र त्यांना ठाऊक होते. माझ्या मते ह्या कामाला ते ज्ञान अधिक उपयोगी होते.

पुणे केंद्र तेव्हा लहान वयाचे होते. ते सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. १९५५ च्या रामनवमीपासून त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला ऐकू येऊ लागले, आणि ते रचणारे ग. दि. माडगूळकर हे व्यंकटेशरावांचे थोरले बंधू. एकाच्या गीतांसाठी लोक रेडिओला हार घालीत. धाकट्याच्या विभागाकडे आले खत, बियाणे, कीड आणि बाजारभाव! त्याला कोण हार घालणार?

शेतीचे ज्ञान रेडिओवरून सांगणे दिसते तितके सोपे नाही. तज्ज्ञ मंडळी कागदावर लिहून आणीत ते शासकीय परिपत्रकाच्या भाषेत. ‘नत्रयुक्त खताची मात्रा विभागून द्यावी’ हे वाक्य बिनचूक खरे; पण दिवसभर औत हाकून आलेला माणूस ते ऐकता ऐकताच पेंगू लागेल. म्हणून देशभरच्या ग्रामीण कार्यक्रमांत संवादाची रीत पडली: दोन-तीन गावकरी गप्पा मारीत आहेत, एक शंका काढतो, दुसरा थट्टा करतो, आणि बोलता बोलता खताची गोष्ट निघते. अशा गप्पा खऱ्या वाटावयाच्या तर लिहिणाऱ्याच्या कानात गावची बोली मुरलेली हवी. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारा माणूस त्या जागी असणे हे पुणे केंद्राचे भाग्य होते.

ते रुजू झाल्यानंतर लवकरच, १९५६ साली, पुणे केंद्राने एक प्रयोग केला, ज्याची नोंद जगाने घेतली. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे चालत असत. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत मंडळे स्थापण्यात आली. १७ फेब्रुवारी ते १९ एप्रिल, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. रेडिओभोवती सुमारे वीस माणसे बसत. कार्यक्रम संपला की संच बंद करून ती आपसांत चर्चा करीत आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. कॅनडाच्या मंडळांचे बोधवाक्य ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे होते. आपल्याकडे पहिला शब्द गाळला. कारण वाचता येणारे किती होते, हे सर्वांना माहीत होते.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ते काम पॉल न्यूराथ ह्यांच्याकडे होते. मूळचे हे व्हिएन्नाचे, हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेलेले गृहस्थ. आणि ते आमच्या खेड्यांत कंपोस्ट खताची माहिती कोणास किती झाली, ह्याचा हिशेब करीत होते! त्यांनी मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे ह्यांची तुलना केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ होता तेथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे गुण यंत्रात नव्हता. ऐकून झाल्यावर एकत्र बसण्यात होता. दर महिन्याला एकत्र बसणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. त्या मंडळांचे सभासद बहुतेक सारे पुरुष. रेडिओ ठेवलेला असे चावडीत, शाळेत नाही तर देवळात. वडीलधाऱ्यांसमोर तेथे जाऊन बसणार कोणती सून? बियाणे निवडून राखेत ठेवणे, खुरपणी, दूधदुभते, कणगीतले धान्य किडीपासून जपणे ही कामे बायकांची, आणि त्यांची चर्चा मात्र पुरुषांची. भिंतीपलीकडून जे कानी पडेल तेवढे त्यांचे. १९५९ साली हा उपक्रम देशभर नेण्यात आला, तेव्हाही ही गोष्ट फारशी सुधारली नाही.

तरी रेडिओने शिवार बदलले, हे खरे. तमिळनाडूत तंजावरकडे ‘एडीटी २७’ ह्या भाताची माहिती शेतकऱ्यांना रेडिओवरून मिळाली आणि लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. बियाण्याला आकाशवाणीचे नाव पडावे, ह्याहून मोठी पदवी ती कोणती!

तात्यांचा लौकिक वाढतच गेला. १९८३ साली ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही लाभले. जंगले हिंडावी, पाखरे पाहावी, चित्रे काढावी हा छंद अखेरपर्यंत राहिला. २००१ साली ते गेले.

त्यांची पुस्तके आपल्या वाचनालयात ओळीने लावलेली आहेत. शेतीच्या कार्यक्रमांचे तसे नाही. ध्वनिफिती महाग असत, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेण्याची पद्धत होती. आणि ज्या संहितांवर लेखकाचे नाव छापले जात नाही त्या जपून ठेवतो कोण? ज्या वडीलधाऱ्या भगिनींना त्या काळच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांतले एखादे संभाषण, एखादे पात्र किंवा ऐकून घरी करून पाहिलेली एखादी युक्ती आठवत असेल, त्यांनी ती मंडळाच्या वहीत लिहावी. लिहिता येत नसल्यास सांगावी, आम्ही उतरवून घेऊ.