दगडांतील इतिहास वाचू या



शाळेची सहल कर्नाटकातील बदामी-हंपीला निघाली, की काही पालक हळूच विचारतात, "सर, तिथे तर सगळी देवळेच! आमच्या मुलांनी तिथे काय पाहायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर इतिहासच देतो.

बदामी ही चालुक्यांची राजधानी. तेथील तांबड्या वालुकाश्माच्या कड्यात चार प्रमुख लेणी आहेत. तीन हिंदू व एक जैन. तिसऱ्या लेण्यातील शिलालेखात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८, असा काळ नोंदलेला आहे. लेणे हे बांधत नाहीत, डोंगर पोखरून कोरतात. घाव चुकून तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. खांब, छत, मूर्ती सारे एकाच खडकातून निघाले आहे. कारागिराची ही एकाग्रता पाहणे म्हणजे पूजा नव्हे. तो अभ्यास आहे.

तेथून हंपीला जावे. येथे आपण सुमारे साडेआठशे वर्षे पुढे येतो. ही विजयनगरची राजधानी. येथील राजा दुसरा देवराय याच्या सैन्यात मुसलमान शिपाई होते. राजापुढे झुकताना त्यांच्या धर्माला बाध येऊ नये म्हणून त्याने सिंहासनासमोर कुरआनची प्रत ठेवविली, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. याच राजाच्या पदरी असलेल्या अहमद खानाने १४३९ मध्ये बांधलेली मशीद आजही तेथे उभी आहे. तिला ना घुमट, ना मिनार! देवळाच्या मंडपासारखे दगडी खांब आणि सपाट छत. राजाला पुण्य लाभावे म्हणून ती बांधली, असे तेथील लेख सांगतो. उलट, हिंदू राजांच्या वाड्यांतील कमळमहालाला आणि गजशाळेला कमानी व घुमट आहेत.

१५६५ च्या लढाईनंतर हे नगर उद्ध्वस्त झाले, तेही मुलांपासून लपवू नये. राज्यांच्या वैरात काय काय नष्ट होते, हे तेथील भग्न अवशेषच सांगतात. पृथ्वीवर हिंडून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण कुरआनमध्येही वारंवार आली आहे.

मित्रांनो, जाताना वही-पेन्सिल न्या. राजा, वर्ष, दगड, खांबांची संख्या टिपा. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात आजही पूजा चालते. तेथे पादत्राणे बाहेर काढा, शांत राहा. आपल्या मशिदीत आलेल्या पाहुण्याकडून आपण जी अदब अपेक्षितो, तीच अदब तेथे दाखवा.

पालकहो, मुलांना अवश्य पाठवा. शेजाऱ्याचा वारसा जाणून घेतल्याने आपला ईमान उणा होत नाही. उलट, या देशाच्या इतिहासात आपलेही पान आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.