म्यूरेनचा हिवाळा
स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन दरीच्या कड्यावर, सुमारे १,६५० मीटर उंचीवर वसलेल्या म्यूरेन या गावी १८९१ साली डोंगरी रेल्वे पोहोचली. परंतु ती आरंभी केवळ उन्हाळ्यातच धावत असल्यामुळे बर्फ पडल्यावर तेथे पाहुणे येत नसत. हिवाळी सहलींचे इंग्रज आयोजक हेन्री लन यांच्या खटपटीमुळे १९१० च्या सुमारास ती हिवाळ्यातही सुरू झाली आणि गावाच्या अर्थव्यवहाराचा ऋतूच पालटला. त्यांचे पुत्र आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये येथे आधुनिक स्लालमची, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून नागमोडी वळणे घेत स्कीवरून उतरण्याची, पहिली स्पर्धा भरवली. पूर्वी वळणांच्या शैलीला गुण मिळत, लन यांनी मात्र केवळ वेळ मोजला, आणि उतारावरील शर्यतींच्या इतिहासात हाच बदल सर्वांत मोलाचा मानावा लागतो. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या स्की क्लबाचे ‘कंदाहार’ हे नाव, अफगाण युद्धात काबूलहून कंदाहारवर चाल करून गेलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावे दिल्या जाणाऱ्या चषकावरून आले. १९३१ ची पहिली जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धा येथेच झाली व तीत स्त्रियांच्याही शर्यती होत्या. प्रवाशांच्या मोटारींना गावात आजही मज्जाव असून, हिवाळी सुटीचा बेत आखणाऱ्याला रज्जुमार्गानेच वर यावे लागते.