पडलो तरी नाक वर

रस्त्यात घसरून पडलेला माणूस सगळ्यांत आधी काय करतो, हे कधी नीट पाहिलंय का तुम्ही? तो गुडघा पाहत नाही, कोपर पाहत नाही, चष्म्याच्या काचासुद्धा पाहत नाही. तो इकडंतिकडं पाहतो. आपल्याला पडताना कुणी पाहिलं तर नाही ना, एवढी एकच चिंता त्या घटकेला त्याला असते. आणि कुणी पाहिलंच असेल, तर ताडकन उठून, पँट झटकून, ‘मुद्दामच बसलो होतो’ असा चेहरा करतो. आमच्या जळगावात अशा वेळी समोरचा दुकानदार गल्ल्यावरूनच विचारतो, “लागनं का रे भो?” उत्तरही ठरलेलं, “काहीच नही व्हयनं!” हे सांगताना मनगट केळीच्या फणीएवढं सुजलेलं असतं, तो भाग वेगळा. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण ज्यानं केली, त्याचं नाक नक्की फुटलेलं असणार.

कायद्याचं मात्र नेमकं उलटं आहे. पडणाऱ्याला साक्षीदार नको असतो आणि कोर्टाचं साक्षीदाराशिवाय पान हलत नाही. दुसऱ्याच्या जागेत पडणाऱ्यांचा सगळा इतिहास या एका विसंगतीत मावतो. मी कॉमर्सचा पदवीधर. जमाखर्चापलीकडचा इतिहास मला फारसा झेपत नाही. पण पडणं नावे आणि भरपाई जमा, एवढं धरून चाललं तर हाही हिशेब लागतो.

सुरुवात आपल्याकडूनच करू. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे, चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण, आणि राजमार्ग असेल तर दुप्पट. म्हणजे साल फेकणाऱ्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. मनुस्मृती तर गाडीवानाला दंड माफ होण्याचे प्रसंगच मोजून देते. वेसण तुटली, जू मोडलं, आस मोडला, चाक मोडलं, तर माफ. आणि ‘बाजूला व्हा’ असं त्यानं ओरडून सांगितलं असेल, तरीही माफ. आजचा रिक्षावाला अखंड हॉर्न का वाजवतो, याचं मूळ मला इथं सापडलं. केराचा दंड मात्र जायचा राजाच्या तिजोरीत. त्या केरावरून घसरलेल्याचा गुडघा ज्याचा त्याला.

१८१८ साली खान्देश कंपनी सरकारच्या हाती गेला आणि मागोमाग हळूहळू इंग्रजी कायदाही आला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि दोनच वर्षांनी, १८५५ साली, प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येईल, असं सांगणारा हा चिमुकला कायदा आजही चालू आहे. फक्त १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे होईपर्यंत जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला होतं. तेव्हा पडायचं जळगावात आणि जिल्ह्याच्या कचेरीत दाद मागायला जायचं धुळ्याला. वाटेत पुन्हा पडायची सोय होतीच.

तिकडं विलायतेत १८६६ साली एक खटला गाजला. साखरेच्या कारखान्यात गॅसचं काम बघायला आलेला कामगार कठडा नसलेल्या भोकातून खाली पडला होता. तिथून पुढं आल्यागेल्याचे वर्ग पक्के झाले: कामासाठी बोलावलेला, नुसत्या परवानगीनं आलेला, आणि घुसखोर. पहिल्याची काळजी जास्त, दुसऱ्याची बेताची, आणि तिसऱ्यानं आपली हाडं आपण सांभाळावीत. इंग्रज माणूस कळवून येतो, त्याला हे जमतं. आपल्याकडं वर्गणी मागायला आलेली पोरं, वाटीभर साखर न्यायला आलेली शेजारीण आणि न कळवता बॅगेसकट उतरलेला मेहुणा यांना कुठल्या खान्यात घालायचं? मेहुणा आमंत्रित की घुसखोर, यावर तर नवराबायकोतच दावा उभा राहील. पुढं १९५७ साली इंग्लंडनं स्वतंत्र कायदाच केला आणि पहिल्या दोन वर्गांतला फरक काढून टाकला. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही. कोर्टांच्या निकालांवर निकाल रचूनच काम चालतं.

आता केळं. जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ साली. पण अमेरिकेतल्या न्यायमूर्तींनी केळीच्या सालीची दखल त्याच्या शंभरेक वर्षं आधीच घेतली होती. १९०१ साली बोस्टनच्या एका प्लॅटफॉर्मवर सालीवरून पडलेला उतारू कोर्टात गेला. मुख्य न्यायाधीश होम्स यांनी दोनच वाक्यांत निकाल दिला: ही साल गाडीतून उतरणाऱ्या एखाद्यानं मिनिटापूर्वीही टाकलेली असू शकेल, एवढ्यावरच काम भागतं. उतारू हरला. दहा वर्षांनी त्याच कोर्टापुढं दुसरी साल आली. ही काळी, वाळलेली, मातकट, पायांखाली चपटी झालेली होती. पडलेल्या बाई कंपनीच्याच नोकरानं दाखवलेल्या वाटेनं, त्याच्या मागोमाग चालल्या होत्या. कोर्ट म्हणालं, इतकी काळी होईपर्यंत साल तिथं होती, तर ती उचलायला नोकरांना वेळ होता. बाई जिंकल्या. १९६८ साली एका दुकानातलं केळं निघालं तपकिरी. ते ३० सेकंदांपासून पडलंय की ३ दिवसांपासून हेच ठरेना, आणि पडणारा हरला. रावेर-सावद्याचा एखादा केळीवाला साक्षीला नेला असता, तर त्यानं साल हुंगून कांदेबाग की मृगबाग तेसुद्धा सांगितलं असतं!

पण रंगाचा मुद्दा खरा आहे. धोका किती वेळ तिथं होता आणि जागा सांभाळणाऱ्याला तो कळायला हवा होता का, एवढंच कायदा विचारतो. आपल्याकडच्या निकालांतही हेच सूत्र दिसतं. भिंत कोसळून दोन मुलं गेली, तेव्हा घरमालक म्हणाला, पाऊस फार झाला, देवाची करणी. मध्य प्रदेश हायकोर्टानं १९५८ साली सांगितलं, पावसाळ्यात २.६६ इंच पाऊस म्हणजे देवाची करणी नव्हे. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून तीन माणसं मेली. मनोरा ८० वर्षांचा, आणि तसल्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. ‘दोष वरून दिसत नव्हता’ हे पालिकेचं म्हणणं सुप्रीम कोर्टानं १९६६ साली फेटाळलं. मात्र राजकोटला ऑफिसला निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं, तेव्हा १९९७ साली त्याच कोर्टानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. तेव्हा पडलं की पैसे मिळालेच, असं कुणी समजू नये.

आमच्या काउंटरवर बाजारात हमाली करणाऱ्या एक मावशी यायच्या. एका गोदामाच्या फुटक्या पायरीवरून पडून त्यांचा हात मोडला, आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे काढायला त्या डाव्या हाताचा अंगठा घेऊन आल्या. मी विचारलं, “मावशी, गोदामवाल्याकडं खर्च नाही मागितला?” त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, “पाय ते मन्हाच घसरना ना, भाऊ!”

पाय त्यांचा होता, हे खरं. पण पायरी कुणाची होती? ती किती दिवसांपासून फुटकी होती? हे प्रश्न त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. बाई म्हणून त्यांना उत्पन्नाची अट न लागता सरकारी खर्चानं वकील मिळू शकत होता. १९८७ च्या कायद्यानंच ती सोय केली आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी लागत नाही, भरलेली असेल तर परत मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मुंबई हायकोर्टानं रस्त्यातले खड्डे आणि उघडी मॅनहोल यांचा भावच ठरवून दिला: मृत्यूला ६ लाख, दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख. गोदामाच्या पायरीला असा ठरलेला भाव नाही. तिथं मागावं लागतं.

आणि मागायचं तर पुरावा लागतो. जागेचा फोटो त्याच दिवशी काढावा, कारण पायरी दुसऱ्या दिवशी हमखास दुरुस्त होते. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘कुठं पडलो’ ते लिहून घ्यावं. बिलं जपावीत. दुखापतीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं, मृत्यूच्या दाव्याला दोन. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस. आणि महापालिकेच्या बाबतीत मुदती याहून पुष्कळ आखूड, म्हणून वकिलाला लवकर भेटावं. आपण स्वतः बघून चाललो नसलो तर भरपाई त्या मानानं कमी होते, हेही ध्यानात ठेवावं.

पैसे मिळोत न मिळोत, कुणीतरी विचारलं की दुसऱ्या कुणासाठी तरी पायरी नीट होते. म्हणून पडल्यावर इकडंतिकडं बघायची आपली जुनी सवय मोडायचं काही कारण नाही. खुशाल बघावं. फक्त कुणी पाहिलं असेल तर लाजून पळू नये; त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्यावा.