जांब्यापर्यंत आलेली भरती

हिंजवडी-मारुंजीची वस्ती सरकत सरकत नेरे-जांब्याच्या शिवारात आली, तेव्हा सिमेंटच्या आधी तिथे एक तिपाई आली. तिपाईवर ऑटो लेव्हल, समोर लाल-काळ्या आकड्यांचा स्टाफ धरून उभा असलेला पोऱ्या, आणि वहीत आकडे टिपणारा सर्व्हेअर. पाया किती खणायचा, जोतं कुठे येणार, सांडपाणी कुठल्या बाजूला उतरणार हे सगळं एका आकड्यावर ठरतं. त्याला साइटवर सगळेच ‘आरएल’ म्हणतात. जांब्यात तो साडेपाचशे मीटरच्या वरचा असतो. ठेकेदार तो विचारतो, मुकादम भिंतीवर लाल रंगाने लिहितो, आणि हा आकडा कशाच्या वर मोजलाय याची चौकशी कुणी करत नाही. उत्तर ठाऊक असतं म्हणा: समुद्रसपाटीच्या वर. पण समुद्र तर कधी सपाट नसतो. मुंबईला तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि उधाणाला चार-चार मीटरचा फरक पाडतो. त्यातली नेमकी कुठली पातळी जांब्याला लावली? या आकड्याचं कूळ शोधायचं तर घाट उतरून खाडीत जावं लागतं.

भरतीचा हिशेब करणारे पहिले लोक अर्थातच तिच्यावर पोट असलेले. वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू या उत्तर कोकणच्या पट्ट्यात बोंबील आणि जवळा धरायला डोल लावतात. डोल हे पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधलेलं असतं. ते माशाच्या मागे जात नाही, पाणीच मासे त्याच्या तोंडात आणून घालतं. त्यामुळे प्रवाहाला जोर हवा. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. उत्तरेला जावं तसा तो वाढत जातो, कारण समुद्रबूड जमिनीचा उथळ पट्टा रुंद होत जातो आणि खंबायतच्या आखाताचं तोंड निमुळतं होतं. भावनगरला हा फरक दहा मीटरवर जातो. डोल उत्तर कोकणातच का रुजली याचं अर्धं उत्तर इथे आहे. उधाणाचे दिवस धंद्याचे. अष्टमीच्या आगेमागे भांग लागला की पाणी मंदावतं, मग जाळी किनाऱ्यावर येतात आणि सुतळी-सुया बाहेर निघतात.

हे सगळं तिथीवर चालतं, आणि वेळ काढायला साधं गणित आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हा हिशेब जमतो कसा? चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर तीस तिथ्यांत एक पूर्ण फेरा करतं आणि तेवढ्या काळात भरती चोवीस तास मागे पडते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटं रोज सोडून द्यायची, पंधरवड्यात चूक पाऊण तासाची होते, आणि प्रतिपदेला पाटी पुसून नवा हिशेब सुरू. तोंडी करता येईल असं गणित हवं असेल तर तीन मिनिटं गिळणं फायद्याचंच आहे. ४८ मिनिटांचा पाढा होडीत उभं राहून कोण म्हणेल?

हे गणित मुंबईच्या आसपासचं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. भरतीची लाट दक्षिणेकडून वर येते, म्हणून गोव्याला ती मुंबईच्या आधी भरते, आणि खाडीत आत ठाण्याला मुंबईच्या अपोलो बंदरापेक्षा उशिरा. शिवाय पाऊणकीत वेळ कळते, उंची कळत नाही. मुंबईला पावसाळ्यात दिवसाची उधाणभरती मोठी असते आणि हिवाळ्यात रात्रीची. डिसेंबरात मध्यरात्री चढणारं पाणी बघायला किनाऱ्यावर कुणी नसतं, एवढंच.

सरकारला या हिशेबात रस वाटू लागला तो मात्र मासळीसाठी नव्हे. १८१९च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीचा एक लांबलचक बांध वर आला, लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं. मग प्रश्न पडला की कच्छच्या आखाताभोवतालची जमीन अजून वरखाली होतेय का. जमीन हलते की समुद्र, हे कळायला समुद्राची सरासरी पातळी पक्की माहीत हवी. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख कर्नल वॉकर यांनी हे काम रॉयल इंजिनिअर्सच्या अँड्र्यू विल्सन बेअर्ड या अॅबर्डीनच्या तरुण अधिकाऱ्यावर सोपवलं. बेअर्ड इंग्लंडला आजारपणाच्या रजेवर गेला असताना तिथे भरतीच्या विश्लेषणाची नवी पद्धत शिकून आला आणि १८७०च्या दशकात आखाताच्या काठी भरतीमापक उभे केले. १८७७मध्ये हेच काम देशातल्या प्रमुख बंदरांवर न्यायचं ठरलं. मुंबईच्या अपोलो बंदरावरची नोंद १८७८पासून सुरू आहे. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते.

तो मापक बघण्यासारखा होता. धक्क्यालगत उभी विहीर, तळाशी समुद्राला जोडणारं लहानसं भोक. भोक मुद्दाम लहान, म्हणजे लाटांची खळखळ आत येऊ नये, फक्त संथ चढ-उतार यावा. आत तरंगणारा पोकळ डबा, त्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल. घड्याळाच्या चाकावर फिरणाऱ्या नळकांड्याला कागद गुंडाळलेला. रोज त्यावर दोन उंचवटे आणि दोन खळगे उमटायचे. मग कारकून पट्टी लावून दर तासाची उंची वाचणार. वर्षाला ८,७६० आकडे, तेही एका बंदराचे.

त्या आकड्यांतून जे निघालं त्यात मूळ गोष्ट सोपी आहे. चंद्राची एक लय आहे, १२ तास २५ मिनिटांची. सूर्याची दुसरी, बरोबर १२ तासांची. दोन्ही एकमेकींवर पडल्या की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांग. शिवाय चंद्र कधी पृथ्वीच्या जवळ, कधी लांब. कधी विषुववृत्ताच्या उत्तरेला, कधी दक्षिणेला. अशा प्रत्येक हालचालीची आपली लय. अपोलो बंदराचा वाकडातिकडा आलेख अशा अनेक सरळ लयींची बेरीज असतो. ही बेरीज हाताने करणं जिवावर यायचं, म्हणून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक यंत्र बनवून घेतलं. प्रत्येक लयीसाठी एक पितळी कप्पी, सगळ्यांवरून फिरणारी एकच तार, टोकाला पेन. एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असं यंत्र लंडनमध्ये तयार झालं, वीस लयींचं. दांडा फिरवला की काही तासांत एका बंदराचं पुढच्या वर्षाचं पाणी कागदावर उतरायचं. कोळ्याच्या पाऊणकीत दोनच चाकं होती, चंद्राचं आणि सूर्याचं. इथे वीस झाली. कुळाचा विस्तार झाला, गोत्र तेच राहिलं.

कित्येक वर्षं मुंबईच्या भरतीचं कोष्टक इंग्लंडमध्ये निघून बोटीने इकडे येत होतं, हा वसाहतीचा खास विनोद आहे. १९२१मध्ये यंत्र डेहराडूनला आलं. त्याच वर्षी इकडे मुळशीत सेनापती बापट आणि मावळे शेतकरी धरणाच्या विरोधात सत्याग्रहाला उभे राहिले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मुळशीच्या पाण्याचा समुद्राशी आहे. त्याकडे वळण्याआधी उंचीचं काम पुरं करायला हवं.

समुद्राची सरासरी कळली की ती जमिनीवर चढवायची. दोन स्टाफ, मध्ये लेव्हल, थोडं अंतर, मग पुन्हा उचला आणि पुढे. अशा पावलापावलाने लेव्हलिंगच्या रेषा अख्ख्या देशभर गेल्या, वाटेत दगडांवर जीटीएसची, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, बेंचमार्क खूण कोरत. १९०९मध्ये या सगळ्या रेषांचा मेळ घातला, आणि कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांची सरासरी पातळी शून्य धरली. जांब्यातला आरएल या शून्याचा वंशज आहे.

शून्यं नऊ असली की भांडण आलंच. मुंबईहून निघालेली रेषा मद्रासला पोचली की तिथला समुद्र मुंबईच्या समुद्रापेक्षा वर भरायचा. तेव्हा पुष्कळांनी तो फरक लेव्हलिंगमधल्या चुकांच्या खात्यावर टाकला, आणि रेषांच्या जाळ्याचा मेळ घालताना नऊही ठिकाणं जबरदस्तीने शून्यावर बसवली. आकडा फुगलेला होता हे खरं, पण सगळाच चुकीचा नव्हता. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून कृष्णा-कावेरीपर्यंतचं गोडं पाणी ओतलं जातं. कमी खारट पाणी हलकं, आणि हलकं पाणी थोडं वर उभं राहतं. उष्णतेचंही तसंच: तापलेलं पाणी फुगतं. समुद्राची सपाटी हे भूमितीचं प्रकरण वाटतं, पण त्यात मिठाचा आणि तापमानाचा वाटा असतो.

आता मुळशी. जांब्यात पडलेला पाऊस ओढ्यांतून पवना-मुळेला मिळतो, तिथून भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. त्याच मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला मुळशी धरणात अडवलेलं पाणी मात्र बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, कुंडलिका नदीत पडतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला राफ्टिंगवाले सकाळी ज्या पाण्याची वाट बघत बसतात ते हेच. विजेच्या मागणीवर येणारी ती नदीची भरती म्हणायची. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं, आणि त्या दोन समुद्रांच्या पातळ्या जुळत नव्हत्या.

पुणेकरांना खरीखुरी भरती बघायची तर मुंबईला जायलाच हवं असंही नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळेत, १९१६ साली सुरू झालेल्या संस्थेत, मुंबई बंदर आणि न्हावाशेव्याच्या प्रतिकृती बांधून त्यात यंत्राने भरती-ओहोटी आणतात. धक्का वाढवला तर गाळ कुठे बसेल हे आधी तिथे बघायचं. यात एक गंमत आहे. आडवं प्रमाण ४००ला १ आणि उभं ८०ला १ धरलं, तर हिशेबाने काळही आखडतो, आणि साडेबारा तासांची भरती-ओहोटी सतरा मिनिटांच्या आत उरकते. चहा पिऊन येईपर्यंत न्हावाशेव्याला ओहोटी लागलेली असते.

या सगळ्या कुळाला एक गोष्ट कधीच जमली नाही: हवा. पंचांगवाला काय, पितळी यंत्र काय किंवा कोष्टक काढणारा आजचा संगणक काय, सगळे चंद्र-सूर्याचं पाणी सांगतात, वाऱ्याचं नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, आणि किनाऱ्याकडे वारा लागला की पाणी ढकललं जातं ते वेगळं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, गेटवेपाशी लाटा कठड्यावरून आत आल्या. त्या दिवशी शुक्ल पंचमी-षष्ठी होती, भांग जवळ येत होता. तेच वादळ अमावास्येच्या उधाणावर आलं असतं तर अपोलो बंदरावरचं पाणी कुठवर चढलं असतं, याची कल्पना उधाण पाहिलेल्या कुणालाही करता येईल. भरतीचं कोष्टक निघतं डेहराडूनच्या सर्वेक्षण विभागात, हवामान खात्याचा एक मोठा विभाग १९२८पासून पुण्यातल्या शिमला ऑफिसात. दोन्हींची बेरीज किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला करावी लागते.

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘४.८ मीटरची भरती’ या बातमीनेही बराच गोंधळ होतो. ही उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती जहाजांच्या नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे ओहोटीच्या जवळपास तळापासून मोजतात. मुंबईला सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा ४.८ची भरती जांब्याच्या हिशेबात २.३चीच.

आणि जांब्यात आता तिपाईवर लेव्हलऐवजी डीजीपीएस दिसू लागलंय. ते समुद्राला विचारत नाही. उपग्रहावरून मोजलेली उंची ही गणितात आखलेल्या गुळगुळीत पृथ्वीवरची उंची असते, आणि आपल्याकडे खरा समुद्र या आखलेल्या पृष्ठभागाच्या बराच खाली भरतो, कारण श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणाचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे. त्यामुळे डीजीपीएसचा कच्चा आकडा बेंचमार्कवरून आणलेल्या आरएलपेक्षा साठ-पासष्ट मीटर कमी येतो. दोन ठेकेदार शेजारच्या प्लॉटांत दोन तऱ्हेने काम करत असतील तर एकाची इमारत कागदावर दुसऱ्याच्या वीस मजले खाली निघते. जुना सर्व्हेअर म्हणूनच मशीनवाल्या पोराला पहिल्यांदा विचारतो, “उंची कुठली घेतलीस, उपग्रहाची का समुद्राची?” ती समुद्राची करून घेतल्याशिवाय ड्रेनेजचा उतार कुणी काढत नाही.